गाडीवर वाळून बसलेलं पॉलिश कसं काढायचं

गाडीच्या पत्र्यावर पॉलिश वाळून पांढरं पडलं असेल, तर सगळ्यात आधी हातातलं कोरडं फडकं खाली ठेवा. बाकी सगळं त्यानंतर.

गेल्या दसऱ्याच्या आधीची गोष्ट. खंडेनवमीच्या पूजेला गाडी झळकली पाहिजे म्हणून शेजारच्या मुलाने भर दुपारी गल्लीत गाडी उभी केली आणि अख्ख्या गाडीला एका दमात पॉलिश फासलं. गाडी गडद निळी, ऊन ऑक्टोबरचं. पुढून पुसत मागे येईस्तोवर सगळं वाळून बसलं. मग अर्धा तास तो कोरड्या फडक्याने घासत राहिला आणि शेवटी आमच्या दारात आला. "काकी, हे पांढरं काय जाईना ओ. लई घासलं." मी जाऊन बघितलं तर बॉनेटवर ढगासारखे पट्टे, दारांच्या फटींत चुना भरल्यासारखी भुकटी आणि डिकीवरच्या नावाच्या अक्षरांच्या पोटातही पांढरं. मी म्हटलं, "आता हात लावू नकोस बाळा. आधी गाडी सावलीत घे."

पांढरं सगळं निघालं, संध्याकाळपर्यंत. पण त्या अर्ध्या तासाच्या घासण्याने बॉनेटवर बारीक ओरखड्यांची जी जाळी उठली, ती उन्हात अजून दिसते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. पॉलिश वाळलं म्हणून गाडी बिघडत नाही. ते कोरडं घासलं की बिघडते.

तो पांढरा थर असतो कशाचा?

आपण सगळ्यालाच पॉलिश म्हणतो, पण गॅरेजमध्ये तीन वेगळ्या वस्तू असतात. रबिंग कंपाउंड जाडसर, रंगाचा वरचा पापुद्रा खरवडणारं. पॉलिश त्याहून बारीक. आणि वॅक्स म्हणजे सगळ्यात वर चढवायचं मेण. पहिल्या दोन्हींत अगदी बारीक कण असतात, बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत ज्यांनी काम केलंय त्यांना वेगळं सांगायला नको: ग्राइंडिंगच्या चाकात आणि एमरी पेपरवर असतो तोच हा पदार्थ, फक्त पिठासारखा दळलेला. हे कण तेलात, पाण्यात आणि उडून जाणाऱ्या द्रावकात कालवलेले असतात. ओलं असेपर्यंत तेल त्या कणांना घसरू देतं. ऊन लागलं की पाणी आणि द्रावक उडून जातात, आणि मागे उरतं ते चिकट तेलात बसलेलं कोरडं पीठ. त्यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे हाताने एमरी मारणं.

आणि मारतो कशावर? आजकालच्या गाड्यांच्या रंगावर पारदर्शक लॅकरचा थर असतो, त्यालाच क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७०च्या आसपास असतो. म्हणजे गाडीची सगळी चमक केसाहूनही पातळ थरात आहे, आणि एकदा घासून कमी झालेला तो थर परत वाढत नाही.

वॅक्सचं थोडं वेगळं आहे. त्यात कार्नोबा असेल तर ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरून मिळणारं मेण. ते ८० अंशांच्या वर वितळतं, त्यामुळे कोमट पाण्याने ते वाहून जाईल अशी आशा धरू नका. त्याला मऊ करावं लागतं. कसं, ते पुढे येतंच.

आधी खात्री करा की ते पॉलिशच आहे

पांढरं दिसतं ते सगळं पॉलिश नसतं. बोट फिरवा. बोटाला भुकटी लागली तर पॉलिश. गोल कड्या असलेले ठिपके असतील आणि तसेच काचेवरही असतील तर ते पाण्याचे डाग. बोअरच्या पाण्याने गाडी धुऊन उन्हात वाळू दिली की क्षार उरतात, त्याचे. त्यांना पांढरा व्हिनेगर आणि तितकंच पाणी लावून मिनिटभराने धुऊन टाकलं तर बरेचसे जातात. सावलीत काही दिसत नाही, पण उन्हात बघताना तुम्ही सरकाल तसे सरकणारे पट्टे दिसतात, तर त्या पॉलिशच्या मशीनने पडलेल्या रेषा आहेत. तिथे पुसून उपयोग नाही.

एक फसवणूक मात्र लक्षात ठेवा. पाणी मारलं की पांढरं दिसेनासं होतं आणि वाळल्यावर परत येतं, हे पॉलिशच्या थराचंही होतं आणि क्लिअर कोट मेलेल्या जुन्या रंगाचंही. त्यामुळे पाण्याने निवाडा होत नाही. खाली दिलेलं अल्कोहोलचं पाणी लावून हाताएवढी जागा पुसा, पूर्ण वाळू द्या. तरीही तसंच पांढरं राहिलं, बोटालाही काही लागत नाही, तर तो रंगाचा आजार आहे आणि त्याला पेंटरच लागेल.

काय काय जमवायचं

मायक्रोफायबरची सहा-सात कापडं, ३०० ते ४०० जीएसएमची (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन). त्यांच्या कडेला शिवलेलं लेबल आधी कापून टाका, ते रंगावर रेघ मारतं. जुना बनियन, धोतराचं फडकं, साडीचा तुकडा यांतलं काही नको. दोन बादल्या, गाडीचा शाम्पू, स्प्रेची बाटली, लहान मुलांचा मऊ टूथब्रश, एक इंची रंगाचा ब्रश. रंगाच्या ब्रशला पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर फटीत ब्रश घालताना तीच पट्टी रंगाला लागते.

अल्कोहोल म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या दुकानात ७० टक्क्यांचं मिळतं, लेबलवर तेच नाव बघून घ्या. हाताला लावायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन किंवा जेल असतं आणि ते स्वतःच थर सोडतं. एक भाग अल्कोहोल आणि चार भाग पाणी असं मिसळा. पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घेतलंत तर वाळल्यावर नवे डाग पडत नाहीत. जास्त कडक केलं की जास्त साफ होईल असं नाही. कडक अल्कोहोल पटकन उडून जातं, थर भिजतच नाही, आणि नव्या रंगाला ते मऊ पाडू शकतं. हे पेट घेणारं आहे, म्हणून मोकळ्या हवेत वापरा. सणाच्या दिवसांत तर विशेष सांगते: निरांजन, उदबत्ती, विडी यातलं काही जवळ नको.

गाडी गार करा, मग धुवा

सकाळी साडेसात-आठला सुरुवात करा, किंवा ऊन उतरल्यावर. हाताची पालथी बाजू बॉनेटवर ठेवा. सहज ठेवता आली तर पत्रा गार आहे. चटका बसत असेल, किंवा गाडी नुकतीच चालवून आणली असेल, तर थांबा. गरम पत्र्यावर तुम्ही मऊ करायला जे लावाल तेही वाळून बसेल आणि एकावर एक दोन थर होतील.

धुण्याचा कंटाळा करू नका. कोल्हापुरात तर मुळीच नको. गळीत हंगामात कारखान्यांच्या चिमण्यांतून आणि गुऱ्हाळांतून चिपाडाची राख उडते, ती रात्रीत गाडीवर बसते. शिरोली आणि गोकुळ शिरगावकडे रोज गाडी उभी करणाऱ्यांच्या पत्र्यावर फाउंड्रीची लोखंडी धूळ असते. तेलकट पॉलिशला हे सगळं चिकटलेलं असतं. ते न धुता पुसायला घेतलं तर पॉलिशपेक्षा ती धूळच जास्त ओरखडे पाडेल.

एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. आधी नुसत्या पाण्याची धार सोडून सुटी भुकटी वाहून जाऊ द्या. मग मऊ हातमोजा किंवा कापड शाम्पूत बुडवून वरून खाली या, आधी टप, मग काचा, बॉनेट, दारं आणि शेवटी खालचा भाग. प्रत्येक पत्र्यानंतर कापड साध्या पाण्यात खळबळून घ्या. नुकतंच वाळलेलं पॉलिश असेल तर निम्मं काम इथेच होतं.

आणि गाडी घरीच धुवा, किंवा वॉशिंग सेंटरला न्या. पंचगंगेच्या घाटावर नेऊ नका. हे तेल आणि साबण पुढे इचलकरंजीकडे आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जातात.

मऊ करा, पुसा, कापड उलटा

हे खरं काम. एका वेळी फक्त दोन फूट बाय दोन फूट जागा घ्यायची. मी तीन उपाय याच क्रमाने करते, आणि सौम्य उपायाने भागलं तर पुढच्याला हात लावत नाही.

पहिला उपाय कोमट पाण्याचा. मायक्रोफायबर कोमट पाण्यात बुडवून हलकं पिळा आणि थरावर नुसतं अंथरा. दोन मिनिटं तसंच राहू द्या. मग दाब न देता, एकाच दिशेला सरळ ओढा. गोल गोल फिरवू नका. गोल ओरखडे उन्हात कुठूनही दिसतात, सरळ रेघ सहसा लपते.

न निघालं तर अल्कोहोलचं पाणी. हे पत्र्यावर न मारता कापडावर मारा, कापड ओलसर झालं पाहिजे, ठिबकायला नको. थरावर टेकवून अर्धा मिनिट धरा आणि मग उचलल्यासारखं पुसा. लगेच दुसऱ्या कोरड्या, स्वच्छ मायक्रोफायबरने ओल टिपा. कापडाची चौपदरी घडी घातलीत की आठ कोऱ्या बाजू मिळतात. दोन पुसण्यांनंतर बाजू बदला. जी बाजू पांढरी झाली ती आता कणांनी भरली आहे, ती परत पत्र्याला लागता कामा नये. सगळ्या प्रक्रियेत लोक इथेच कंजुषी करतात. कापड जमिनीवर पडलं तर ते बाजूला ठेवा, झटकून परत घेऊ नका.

तिसरा उपाय नवख्यांना पटत नाही, पण हट्टी वॅक्सवर हाच चालतो: त्याच वॅक्सचा किंवा पॉलिशचा ताजा, अगदी पातळ हात वाळलेल्या थरावर द्या आणि लगेच, ओलं असतानाच पुसून घ्या. ताज्या मालातलं द्रावक जुन्याला सोडवतं आणि दोन्ही एकदम निघून येतात. कणाकणांचं रबिंग कंपाउंड वाळलेलं असेल तर मात्र ताजं कंपाउंड लावू नका, नुसतं वॅक्स किंवा बारीक पॉलिश घ्या. शेजारच्या मुलाचं बॉनेट याच उपायाने सुटलं. तो म्हणत होता, "काकी, परत तेच कशाला लावताय?" दुसऱ्या पुसण्याला त्याने स्वतःच कापड हातात घेतलं.

मशीनने पॉलिश केल्यावर उडालेले ठिपके असतील, काचेवर, दिव्यांवर, आरशांच्या पाठीवर, तर त्यांना पहिला आणि दुसरा उपाय पुरतो.

रंग नुकताच मारलेला असेल, टचिंगचं काम झालं असेल, तर पेंटरला विचारल्याशिवाय अल्कोहोल लावू नका. नवा रंग वरून सुकलेला दिसला तरी आतून घट्ट व्हायला काही आठवडे घेतो. मॅट रंगाच्या गाडीला तिसरा उपाय अजिबात नको. तिथे चमक आली तर तोच डाग ठरतो.

फटी, अक्षरं, पट्ट्या

फटींतली भुकटी ओली करूनच काढायची. शाम्पूच्या पाण्यात ब्रश बुडवा, दाराच्या फटीतून वरून खाली फिरवा, पाठोपाठ पाण्याची धार. अक्षरांभोवती लहान मुलांचा टूथब्रश, तोही केसांच्या टोकांनी, दाब न देता. अक्षराच्या आतल्या कोपऱ्यात ब्रश जात नसेल तर बांबूच्या टूथपिकला मायक्रोफायबरचा कोपरा गुंडाळून ओला करा. सुई, ब्लेड, चाकू नको. गाडीला पारदर्शक संरक्षक फिल्म लावलेली असेल तर तिच्या कडेने पांढरी रेघ हमखास बसते. तिथे ब्रश फिल्मकडून रंगाच्या दिशेने फिरवा, उलटा फिरवलात तर कड उचलली जाईल.

काळ्या खरखरीत प्लॅस्टिकचं मला वेगळं सांगायचं आहे, कारण तिथे मी स्वतः नुकसान सोसलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गॅरेजने माझी गाडी पॉलिश करून दिली. पत्रा आरशासारखा आला, पण बंपरच्या, आरशांच्या आणि वायपरखालच्या काळ्या प्लॅस्टिकवर पांढरे फराटे. विचारलं तर म्हणाले, दोन पावसांत जाईल. दोन पावसाळे गेले, फराटे तिथेच. खरखरीत प्लॅस्टिकच्या बारीक खळग्यांत वॅक्स जाऊन बसतं आणि पावसाचं पाणी त्याच्यावरून घसरून जातं. जितके दिवस राहील तितकं ते काढणं कठीण. म्हणून प्लॅस्टिक त्याच दिवशी साफ करा.

आधी कोमट शाम्पूच्या पाण्याने ब्रश मारा. राहिलेल्या फराट्यांवर शाळेतलं पांढरं मऊ खोडरबर घासा. ऐकायला साधं वाटतं, पण खोडरबराचा चुरा खळग्यातलं वॅक्स ओढून घेतो. मग अल्कोहोलच्या पाण्याने पुसा. काही जण बुटाचं काळं पॉलिश लावून फराटे झाकतात. पहिल्या जोराच्या पावसात ते पत्र्यावर ओघळतं. काचेच्या रबर पट्ट्यांना अल्कोहोल हलक्या हाताने आणि थोडं. रबराला वारंवार लावलं तर ते कोरडं पडतं.

पुढच्या काचेवर पॉलिश राहू देऊ नका. दिवसा ते दिसत नाही. रात्री पावसात वायपर फिरला की तेच तेल काचभर पसरतं आणि समोरच्या गाडीच्या दिव्याचा उजेड विखरून सगळीकडे चकाकतो. आपला पाऊस, गगनबावड्याचा किंवा आंबा घाट, आणि समोरून ट्रक. काच अल्कोहोलच्या पाण्याने आतून-बाहेरून नाही, निदान बाहेरून तरी दोनदा पुसा. वायपरची रबरी धारही ओल्या कापडाच्या चिमटीत धरून पुसा, कापड काळं यायचं थांबेपर्यंत.

जे करू नये

रॉकेलने पांढरं निघतं हे खरं, म्हणून कितीतरी जण ते सुचवतात. पण ते स्वतःचा तेलकट थर सोडतं, त्यावर धूळ बसते, आणि रबराला ते मानवत नाही. पेट्रोल आगीच्या दृष्टीनेच नको. थिनर आणि नखांचं रिमूव्हर रंगच विरघळवतात. टूथपेस्ट आणि भांड्यांची पावडर यांत खरवडणारे कणच असतात. हिरवी घासणी तर पत्र्याजवळ आणूच नका.

काम झालं का, हे कसं कळणार

गाडी पूर्ण वाळू द्या. मोबाइलचा टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरा, समोरून नाही. तिरप्या उजेडात उरलेला थर धुक्यासारखा दिसतो. धुकं नाही, पण हात फिरवल्यावर बारीक खडखड लागते, तर ती लोखंडी धूळ आहे, पॉलिश नाही. तिला क्ले बार, म्हणजे रुतलेली धूळ ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी लागते.

अल्कोहोलने पॉलिशबरोबर जुनं वॅक्सही निघालेलं असतं, म्हणून रंग आता उघडा आहे. वॅक्सचा नवा हात द्या, पण या वेळी रीतसर. काळ्या प्लॅस्टिकवर, रबरावर आणि अक्षरांवर आधी मास्किंग टेप लावा. अर्ध्या बॉनेटला दहा रुपयांच्या नाण्याएवढं वॅक्स पुरे. एक पत्रा लावा, तोच पुसा, मग पुढचा. पुसायची वेळ झाली का, हे बोट ओढून बघा: बोटाखालून स्वच्छ रेघ उमटली तर पुसा, चिकट ओघळ राहिला तर अजून थोडं थांबा. श्रावणातल्या दमट हवेत याला वेळ लागतो. ऑक्टोबरात काही मिनिटांतच होतं, आणि लांबणीवर टाकलं की आज जे काढत बसलात तेच परत होतं. डब्यावर लिहिलेली वेळ वाचा, काही माल वाळू द्यायचा असतो आणि काही ओला असतानाच पुसायचा.

कापडं त्याच दिवशी धुवा, घरच्या कपड्यांत न मिसळता, पातळ डिटर्जंटने. सॉफ्टनर घालू नका, त्याने तंतूंवर लेप बसतो आणि कापड टिपायचं सोडतं. इस्त्री नको, वाळवायची सावलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारही दारं, डिकी आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आतल्या कडा बघा. धुताना वाहिलेली भुकटी तिथे जाऊन बसलेली असते आणि रात्रीत वाळते. ओल्या मायक्रोफायबरने एकदा पुसून घ्या, नाहीतर पुढच्या धुण्यात ती परत दारांवर ओघळेल.